पी५३ प्रथिनाचा शोध आणि त्याच्या अर्थाचे परिवर्तन (१९७९ ते १९९३) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मानवी शरीरातील पेशींची वाढ, विभाजन आणि मृत्यू या तिन्ही क्रिया काटेकोर नियंत्रणाखाली चालतात. हे नियंत्रण सुटले की पेशी अनिर्बंध वाढू लागतात व अर्बुद निर्माण होते. पेशींच्या वाढीला चालना देणारी जनुके आणि त्या वाढीला आवर घालणारी जनुके असे दोन गट आज पदवीस्तरावरील जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत शिकविले जातात. दुसऱ्या गटातील जनुकांपासून तयार होणाऱ्या प्रथिनांना अर्बुदरोधक प्रथिने असे म्हणतात. त्यांचे ठळक उदाहरण म्हणून पी५३ या प्रथिनाचा उल्लेख हमखास केला जातो. मानवी कर्करोगाच्या सुमारे निम्म्या अर्बुदांत या प्रथिनाचे जनुक बिघडलेले आढळते, यावरून त्याचे महत्त्व लक्षात येईल.

मात्र पाठ्यपुस्तकांतून एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९७९ मध्ये शोध लागल्यापासून १९८९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे, हे प्रथिन नेमके उलट स्वरूपाचे, कर्करोगास कारणीभूत होणारे, मानले जात होते. जे प्रथिन पेशीचे रक्षण करते ते गुन्हेगार म्हणून का ओळखले गेले? आणि हे मत बदलले ते कोणत्या पुराव्यामुळे? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. हे प्रश्न केवळ नामाभिधानाचे नाहीत. एखादे प्रथिन कर्करोग घडविते असे मानले तर त्याला अडविणारे औषध शोधावे लागते. ते कर्करोग रोखते असे ठरले तर त्याचे हरवलेले कार्य पुन्हा सुरू करण्याचा मार्ग शोधावा लागतो. वर्गीकरण चुकले तर उपचारांची दिशाच उलटी होते.

अभावातून रोग : एका कल्पनेची पूर्वपीठिका

एखादी गोष्ट नसल्यामुळे कर्करोग होतो ही कल्पना तशी जुनी आहे. जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी समुद्री साळिंदराच्या अंड्यांवर प्रयोग करून गुणसूत्रांची वाटणी विषम झाल्यास पेशींचा विकास बिघडतो हे दाखविले होते. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे सुचविले, की पेशीविभाजनाला आवर घालणारी काही गुणसूत्रे असावीत आणि ती गमावल्याने अर्बुद निर्माण होत असावे. त्या काळी ही कल्पना पडताळून पाहण्याचे साधन उपलब्ध नव्हते.

याउलट दुसरी विचारधारा प्रयोगांनी सहज पुढे सरकली. १९११ मध्ये पेटन राऊस यांनी कोंबडीतील अर्बुद विषाणूद्वारे दुसऱ्या कोंबडीत संक्रमित होते हे दाखविले. १९७६ मध्ये मायकल बिशप व हॅरॉल्ड वार्मस यांच्या गटाने त्या विषाणूतील कर्करोगकारक जनुकाचे मूळ सामान्य पेशीतच असल्याचे सिद्ध केले. अशा जनुकांना ऑन्कोजीन हे नाव रूढ झाले. ऑन्कोजीन ओळखण्याची पद्धती सरळ होती. संशयित जनुक पेशीत घालावे आणि पेशी एकमेकींवर चढून पुंजके तयार करतात का ते पाहावे. परिणाम डोळ्यांनी दिसत असे.

वाढ रोखणारे जनुक मात्र या पद्धतीने सापडणे अवघड होते, कारण त्याचा परिणाम ते नाहीसे झाल्यावरच जाणवतो. तरीही काही आडवाटेचे पुरावे पुढे येत होते. १९६९ मध्ये ऑक्सफर्ड येथील हेन्री हॅरिस यांनी स्टॉकहोमच्या गेऑर्ग क्लाइन यांच्या सहकार्याने कर्करोगी पेशी व सामान्य पेशी यांचा संयोग घडवून आणला. संयोगातून झालेल्या पेशींची अर्बुद निर्माण करण्याची क्षमता दबली गेली. सामान्य पेशीने काहीतरी पुरविले होते, जे कर्करोगी पेशीत नव्हते. १९७१ मध्ये ह्यूस्टन येथील आल्फ्रेड नडसन यांनी लहान मुलांच्या दृष्टिपटलात होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाच्या ४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि केवळ वयाच्या आकडेवारीवरून असा निष्कर्ष काढला, की या रोगासाठी दोन आघात लागतात. आनुवंशिक प्रकारात पहिला आघात जन्मतःच असतो; इतरांत दोन्ही आघात एकाच पेशीत नंतर घडावे लागतात. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्याशिवाय रोग होत नाही, असा या 'दोन आघातां'चा अर्थ पुढे स्पष्ट झाला.

१९७९ : पी५३ चा शोध

पी५३ चा शोध या अभावाच्या विचारधारेतून लागला नाही, तर विषाणूंच्या अभ्यासातून लागला, ही बाब पुढील घटनाक्रमाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. एसव्ही-४० हा माकडांचा विषाणू पोलिओ लसीसाठी वापरल्या जाणाऱ्या माकडांच्या मूत्रपिंड-पेशींत १९६० मध्ये आढळला होता. तो प्रयोगशाळेतील हॅमस्टर प्राण्यांत अर्बुदे निर्माण करतो. त्यामागे विषाणूचे 'लार्ज टी' हे प्रथिन आहे, असे निष्पन्न झाले. अर्बुद झालेल्या प्राण्यांच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे वापरून हे टी प्रथिन वेगळे करता येत असे.

ते वेगळे करताना त्याच्यासोबत दरवेळी आणखी एक प्रथिन येते, असे अनेक प्रयोगशाळांच्या लक्षात आले. १९७९ मध्ये लंडन येथे डेव्हिड लेन व लायनेल क्रॉफर्ड यांनी आणि अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे डॅनियल लिंझर व आर्नोल्ड लेव्हिन यांनी ही निरीक्षणे स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. फ्रान्समधील एका गटानेही त्याच वर्षी असेच प्रथिन नोंदविले. न्यूयॉर्क येथे लॉइड ओल्ड यांच्या गटाला रसायनांमुळे अर्बुद झालेल्या उंदरांच्या अभ्यासात हेच प्रथिन सापडले. तेथे विषाणूचा संबंध नव्हता. जेलवरील त्याच्या सरकण्यावरून त्याचे रेणुभार ५३ हजार डाल्टन इतके अंदाजिले गेले आणि त्यावरूनच पुढे पी५३ हे नाव रूढ झाले. मानवी पी५३ हे ३९३ अमिनो आम्लांचे असून त्याचे प्रत्यक्ष रेणुभार सुमारे ४४ हजार आहे, हे नंतर समजले. म्हणजे नावातील आकडाही मोजण्याच्या साधनाने दिलेला आहे.

या सर्व निरीक्षणांत एक समान सूत्र होते. कर्करोगी पेशींत पी५३ विपुल प्रमाणात आढळे, तर सामान्य पेशींत ते क्वचितच दिसे. जेथे रोग तेथे हे प्रथिन, तेव्हा रोगाचे कारणही तेच असावे, हे अनुमान त्या वेळच्या ऑन्कोजीनप्रधान वातावरणात स्वाभाविक होते.

१९८४ : कर्करोगकारक म्हणून शिक्कामोर्तब

१९८४ मध्ये या अनुमानाला प्रायोगिक आधार मिळाला. इस्राएलमधील वाइझमन संस्थेतील मोशे ओरेन यांचा गट, तसेच अमेरिकेतील रॉबर्ट वाइनबर्ग व वाइझमन संस्थेतीलच वर्दा रॉटर यांचे गट, यांनी असे दाखविले की पी५३ चे जनुक 'रास' या ज्ञात ऑन्कोजीनसोबत पेशींत घातले असता पेशी कर्करोगी होतात. जॉन जेंकिन्स व सहकाऱ्यांनी त्याच वर्षी, हे जनुक पेशींना प्रयोगशाळेत अमर्याद काळ विभाजित होत राहण्याची क्षमता देते, असे नोंदविले. तीन स्वतंत्र शोधनिबंध एकाच निष्कर्षाप्रत आले होते. त्यामुळे पी५३ ची गणना ऑन्कोजीनमध्ये निश्चित झाली.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. हे प्रयोग चुकीचे नव्हते. जे दिसले ते खरोखरच घडले होते. चूक होती ती पेशींत घातलेले जनुक सामान्य आहे या गृहीतात.

विसंगतींचा काळ

शिक्कामोर्तब होत असतानाच विसंगत निरीक्षणे पुढे येऊ लागली. रॉटर यांच्याच प्रयोगशाळेत अशा कर्करोगी पेशी आढळल्या, की ज्यांत पी५३ मुळीच तयार होत नव्हते. मानवी रक्तकर्करोगापासून तयार केलेल्या एचएल-६० या पेशींत तर या जनुकाचा मोठा भागच नाहीसा झालेला होता. १९८५ मध्ये टोरोंटो येथील सॅम बेंचिमोल, अॅलन बर्नस्टाइन व सहकाऱ्यांनी फ्रेंड विषाणूमुळे उंदरांत होणाऱ्या रक्तकर्करोगात पी५३ चे जनुक वारंवार मोडतोड झालेल्या अवस्थेत सापडते, असे दाखविले. रोग घडविणारे जनुकच रोगी पेशीत नष्ट झालेले असेल, तर रोग कोण घडवितो? हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता.

याच सुमारास शेजारच्या क्षेत्रात बरेच काही घडत होते. १९८६ मध्ये रेटिनोब्लास्टोमाशी संबंधित आरबी हे जनुक वेगळे करण्यात यश आले आणि नडसन यांच्या आकडेवारीला प्रत्यक्ष रेणूचा आधार मिळाला. १९८८ मध्ये तर अॅडिनोव्हायरस आणि एसव्ही-४० या दोन्ही विषाणूंची प्रथिने आरबी या प्रथिनाला चिकटतात असे आढळले. विषाणू पेशीतील ज्या प्रथिनाला धरून ठेवतो, ते त्याचा सहायक असण्याऐवजी त्याच्या मार्गातील अडथळाही असू शकते, ही शक्यता आता समोर आली. लार्ज टी प्रथिनाला चिकटलेल्या पी५३ कडेही त्यामुळे वेगळ्या दृष्टीने पाहणे शक्य झाले.

निर्णायक विसंगती मात्र क्लोनच्या तुलनेतून उघड झाली. लेव्हिन यांच्या प्रयोगशाळेतील एक पी५३ क्लोन 'रास'सोबत वापरूनही पेशींना कर्करोगी करीत नव्हता. इतर प्रयोगशाळांचे क्लोन मात्र करीत होते. या क्लोनच्या रचनेची अक्षरशः ओळीने तुलना केली असता त्यांच्यात एखाददुसऱ्या अमिनो आम्लाचा फरक दिसून आला. सामान्य उंदराच्या जनुकाशी ताडून पाहिल्यावर उलगडा झाला, की कर्करोग घडविणारे क्लोन हे सर्व उत्परिवर्तित होते. जो क्लोन 'अपयशी' वाटत होता, तोच सामान्य होता.

१९८९ : अर्थाचे परिवर्तन

१९८९ हे वर्ष या इतिहासातील संधिकाल म्हटले पाहिजे. कॅथी फिनले, फिलिप हाइंड्स व लेव्हिन यांनी प्रिन्स्टन येथे, आणि ओरेन यांच्या गटाने इस्राएलमध्ये, असे दाखविले की सामान्य पी५३ पेशींत घातले असता इतर ऑन्कोजीन पेशींना कर्करोगी करू शकत नाहीत. १९८४ मध्ये पी५३ ला ऑन्कोजीन ठरविणाऱ्या गटांपैकीच एकाने पाच वर्षांनी विरुद्ध पुरावा सादर केला, ही बाब विज्ञानाच्या समाजशास्त्राच्या दृष्टीनेही नोंद घेण्याजोगी आहे.

त्याच वर्षी बाल्टिमोर येथील बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत सुझन बेकर व सहकाऱ्यांनी मानवी अर्बुदांतून तोच निष्कर्ष काढला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात १७ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचा काही भाग बहुतांशी गळालेला असतो, आणि पी५३ चे जनुक त्याच भागात आहे. एक प्रत गळालेल्या दोन अर्बुदांत त्यांनी उरलेली प्रत तपासली. तीही उत्परिवर्तित निघाली; एकात १४३ व्या, तर दुसऱ्यात १७५ व्या स्थानावर. नडसन यांचे दोन आघात येथे स्पष्टपणे दिसत होते. पुढे फुप्फुस, स्तन, मेंदू अशा विविध अवयवांच्या अर्बुदांत हेच आढळले. १९९० मध्ये, फ्रेडरिक ली व जोसेफ फ्राउमेनी यांनी १९६९ मध्ये वर्णन केलेल्या, लहान वयातच अनेक प्रकारचे कर्करोग होणाऱ्या कुटुंबांतील सदस्यांमध्ये पी५३ चे एक बिघडलेले जनुक जन्मतःच असते, असे सिद्ध झाले. १९९२ मध्ये लॅरी डोनहोवर व सहकाऱ्यांनी पी५३ विरहित उंदीर तयार केले. त्यांची वाढ बहुतांशी सामान्य झाली. परंतु सहा महिन्यांच्या आत त्यांतील बहुतेकांना अर्बुदे झाली.

वाढ थांबविणे आणि मृत्यू घडविणे : कार्याचा उलगडा

अर्थ बदलल्यावर प्रश्नही बदलला. पी५३ कर्करोग कसा घडविते याऐवजी ते तो कसा रोखते, हे आता विचारले जाऊ लागले. १९९१ मध्ये ओरेन यांच्या गटाने रक्तकर्करोगाच्या पेशींत सामान्य पी५३ चे कार्य सुरू करताच त्या पेशी नियोजित पद्धतीने मरतात, असे दाखविले. अशा मृत्यूला केर, वायली व करी यांनी १९७२ मध्ये अॅपॉप्टोसिस हे नाव दिले होते. त्याच वर्षी मायकल कॅस्टन यांच्या गटाने किरणोत्सर्गाने डीएनएला इजा झाल्यावर पेशीतील पी५३ वाढते व पेशी विभाजन थांबविते, असे नोंदविले. या दोन्ही निरीक्षणांना एकत्र गुंफून डेव्हिड लेन यांनी १९९२ मध्ये पी५३ ला 'जनुकसंचाचा रक्षक' असे संबोधले. १९९३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकाने त्याची 'वर्षातील रेणू' म्हणून निवड केली.

पुढील संशोधनाने स्पष्ट झालेली यंत्रणा थोडक्यात अशी आहे. सामान्य पेशीत पी५३ सतत तयार होते. परंतु एमडीएम-२ हे दुसरे प्रथिन त्याला नष्ट होण्यासाठी चिन्हांकित करीत राहते. त्यामुळे ते काही मिनिटांपुरतेच टिकते. डीएनएला इजा झाली की पी५३ मध्ये रासायनिक बदल होऊन एमडीएम-२ ची पकड सुटते आणि पी५३ साचू लागते. त्याचे चार रेणू एकत्र येऊन डीएनएवरील ठरावीक ठिकाणी बसतात व काही जनुकांना कार्यान्वित करतात. त्यांपैकी १९९३ मध्ये सापडलेले पी२१ हे प्रथिन पेशीचक्र चालविणाऱ्या विकरांना अडविते. परिणामी आरबी प्रथिन आपली रोधक भूमिका बजावत राहते, पेशी विभाजनाआधी थांबते आणि दुरुस्तीला अवधी मिळतो. इजा दुरुस्तीपलीकडची असेल तर बॅक्स, प्यूमा यांसारख्या प्रथिनांमार्फत तंतुकणिकांची आवरणे सच्छिद्र होतात आणि पेशी स्वतःचा अंत घडवून आणते. एकच प्रथिन वाढ थांबविते आणि मृत्यूही घडविते; कोणता मार्ग निवडला जाईल हे इजेचे स्वरूप, पेशीचा प्रकार व परिस्थिती यांवर अवलंबून असते.

या यंत्रणेमुळे जुन्या निरीक्षणांचाही खुलासा झाला. उत्परिवर्तित पी५३ एमडीएम-२ ला पुरेशा प्रमाणात कार्यान्वित करीत नाही, हे ते कर्करोगी पेशींत साचण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. शिवाय चार रेणूंच्या संचात बिघडलेले रेणू शिरले की सामान्य रेणूंचे कार्यही बाधित होते. १९८४ च्या प्रयोगांत घातलेले उत्परिवर्तित जनुक कर्करोग घडविताना दिसले ते मुख्यतः यामुळे.

विषाणूंचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. एसव्ही-४० चे लार्ज टी प्रथिन पी५३ ला बांधून ठेवते. पेशीत पी५३ भरपूर असते, पण ते निष्क्रिय असते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत असणाऱ्या पॅपिलोमा विषाणूचे ई-६ प्रथिन याउलट पी५३ ला नष्ट करविते, हे १९९० मध्ये सिद्ध झाले. एका ठिकाणी विपुलता, दुसऱ्या ठिकाणी अभाव. परिणाम मात्र एकच, रक्षकाचे कार्य बंद पडणे.

कारणमीमांसा

दहा वर्षे चाललेल्या या गैरसमजाची तीन कारणे सांगता येतील. पहिले कारण साधनसामग्रीचे. सामान्य पेशींत पी५३ अल्पजीवी व अत्यल्प असल्याने संशोधकांनी जनुकाच्या प्रती प्रामुख्याने अशा पेशींतून घेतल्या, जेथे ते विपुल होते. आणि जेथे ते विपुल होते तेथे ते बहुधा बिघडलेले होते. इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण अपरिचित नाही. ज्यांनी कागदपत्रे निर्माण केली आणि जपली त्यांचाच आवाज दप्तरात मोठा असतो. ज्यांची नोंदच झाली नाही त्यांचे अस्तित्व अन्य मार्गांनी शोधावे लागते. प्रयोगशाळेतील पेशी-संग्रह हेदेखील एक दप्तरच आहे, आणि त्यालाही स्वतःचा कल असतो.

दुसरे कारण पद्धतीचे. पेशींच्या पुंजक्यांवर आधारलेली चाचणी वाढीला चालना देणाऱ्या घटकांना टिपण्यासाठी घडलेली होती. अशा चाचणीत वाढ न होणे म्हणजे 'प्रयोग फसला' असाच अर्थ लावला जातो. लेव्हिन यांच्या गटाने आपल्या क्लोनचे अपयश बाजूला न टाकता त्याचे कारण शोधले, म्हणूनच पुढचा मार्ग मोकळा झाला.

तिसरे कारण वैचारिक वातावरणाचे. बोव्हेरी, हॅरिस व नडसन यांचे विचार उपलब्ध असूनही, आरबी जनुक प्रत्यक्ष हाती येईपर्यंत अर्बुदरोधक जनुक ही संकल्पना अनेकांना केवळ तर्क वाटत होती. पुराव्याचा अर्थ लावण्यासाठी लागणारी चौकटच अद्याप दृढ झालेली नव्हती.

विज्ञान आपली चूक आपोआप दुरुस्त करते, असे विधान वारंवार केले जाते. पी५३ चा इतिहास या विधानाला मर्यादा घालतो. येथे दुरुस्ती घडली ती निरनिराळ्या प्रयोगशाळांचे क्लोन अक्षरशः ताडून पाहिले गेले म्हणून, नकारात्मक निष्कर्ष दडपले गेले नाहीत म्हणून, आणि रुग्णांच्या अर्बुदांकडून स्वतंत्र पुरावा आला म्हणून. यांपैकी एखादी गोष्ट झाली नसती तर गैरसमज आणखी किती काळ टिकला असता, हे सांगणे कठीण आहे.

उपचारांच्या क्षेत्रात या परिवर्तनाचे परिणाम दूरगामी झाले. चीनने २००३ मध्ये सामान्य पी५३ जनुक अर्बुदात पोहोचविणाऱ्या उपचारास मान्यता दिली. २००४ मध्ये एमडीएम-२ ची पकड सोडविणारे न्यूटलिन हे रेणू प्रसिद्ध झाले. तथापि अतिरिक्त कार्य करणाऱ्या प्रथिनाला अडविणे जितके सुलभ, तितके हरवलेले कार्य प्रत्येक पेशीत परत आणणे सुलभ नाही. म्हणूनच योग्य निदान हाती येऊनही उपचारांची वाटचाल संथ राहिली आहे.

निष्कर्ष

१. पी५३ विषयीचा गैरसमज सदोष प्रयोगांमुळे निर्माण झाला नाही. तो एका बाजूला झुकलेल्या सामग्रीमुळे आणि तिच्याबद्दलच्या न तपासलेल्या गृहीतामुळे निर्माण झाला.

२. एखादी गोष्ट विपुल आढळणे आणि ती कारण असणे यांत फरक आहे. कर्करोगी पेशींतील पी५३ ची विपुलता ही बहुतेकदा त्याच्या निष्क्रियतेची खूण होती.

३. १९८९ मधील परिवर्तन एका शोधाने घडले नाही. क्लोनची तुलना, पेशींवरील प्रयोग आणि मानवी अर्बुदांचा अभ्यास हे तीन स्वतंत्र पुरावे एकत्र आल्याने ते घडले.

४. वर्गात पी५३ शिकविताना केवळ अंतिम निष्कर्ष सांगितल्यास विद्यार्थ्याला प्रथिनाची माहिती मिळते, परंतु पुरावा कसा पारखावा याचे शिक्षण मिळत नाही. त्यासाठी १९७९ ते १९८९ या दशकाचा इतिहास अभ्यासक्रमात थोडक्यात का होईना समाविष्ट करणे उपयुक्त ठरेल. विज्ञान व सामाजिक शास्त्रे या दोन्ही विभागांतील अध्यापकांना त्या निमित्ताने एकत्र काम करता येईल.